मनगटावरचा बंदोबस्त

सोलापुरात विजापूर रोडला माझी पिठाची गिरणी आहे आणि तिच्या भिंतीला भिंत लावून आदिनाथ सुताराची पत्र्याची शेड. दिवसभर इकडे माझी गिरणी ओरडते, तिकडे त्याचं रंधा मशीन. हे मशीन म्हणजे विजेवर चालणारा रंधा. पोटाखाली एक रोलर, रोलरला धारदार पाती. बटण दाबलं की रोलर असा फिरतो की फिरतोय हेच दिसत नाही, आणि फळीची साल काढत मशीन पुढे सरकतं. फळीच्या जागी बोट आलं तर बोटाची साल निघते. मशीनला दोन्ही सारखंच.

अशा मशीनपासून हात कसा वाचवावा, हे खोक्यातल्या एका कागदावर चित्रांसकट छापून आलं होतं. त्या कागदावर आदिनाथनं पहिल्याच दिवशी भजी खाल्ली. त्याला कागदाची गरज नव्हती, कारण त्याच्या सुरक्षेचं सगळं खातं त्याच्या आईकडे होतं. आई म्हणजे रंभाबाई.

रंभाबाई मूळची मंद्रूपची. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण आवाज असा की मला गिरणी बंद न करता तिचं बोलणं ऐकू येतं. दळण असो वा नसो, रोज माझ्याकडे येऊन ज्वारीच्या पोत्यावर बसणार आणि गल्लीतल्या प्रत्येकाला काय काय होऊ शकतं ते सांगणार. वाईट काय होऊ शकतं, एवढंच. चांगलं काही होण्यावर तिचा विश्वास नाही.

तिची सुरक्षेची पद्धत सोपी होती. आदिनाथच्या उजव्या मनगटावर दोरा बांधायचा. तुळजापूरचा लाल, अक्कलकोटचा भगवा, मंद्रूपच्या मरीआईचा पिवळा, दर्ग्यातला हिरवा आणि दृष्टीचा काळा. देवांच्या बाबतीत तिनं कधी दुजाभाव केला नाही. मनगट भरलं की दोरे कोपराकडे सरकू लागले. बरं, बांधलेल्या दोऱ्याची टोकं ती कापूही द्यायची नाही. "दोऱ्याला कात्री लावायची नसतीया," ती म्हणायची, "आयुष्याला लागती." त्यामुळे आदिनाथच्या हाताला नेहमी वीतभर टोकं लोंबत असायची. बैलपोळ्याला बैल बरा दिसतो, सुतार दिसत नाही.

इतका कडेकोट बंदोबस्त असल्यावर आदिनाथनं बाकी काही करायचं कारणच उरलं नव्हतं. मशीनचं बटण दाबून धरावं लागतं. सोडलं की मशीन बंद होतं, म्हणजे हातातून निसटलं तरी थांबावं, अशी ती सोय. पण दाबून दाबून बोट दुखतं, म्हणून या पठ्ठ्यानं बटणावर काळी चिकटपट्टी गुंडाळून ते कायमचं दाबून टाकलं. आता पिन बोर्डात घातली की मशीन आपोआप सुरू आणि बंद करायचं तर बोर्डापर्यंत चालत जा. चालायचा कंटाळा. म्हणून तोंडाशी भुसा अडकला की हा चालू मशीनमध्ये बोट घालून तो काढायचा.

एकदा जुन्या चौकटीतला खिळा न काढता त्यानं तिच्यावर मशीन फिरवलं. पात्याचा तुकडा उडाला, त्याच्या कानाजवळून गेला आणि माझ्या गिरणीच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर पडला. रंभाबाईनं सगळ्या गल्लीत सांगितलं की दोऱ्यामुळं पोरगं वाचलं. माझ्या पत्र्याला भोक कुणाच्या कृपेनं पडलं, ते काही तिनं सांगितलं नाही. दुसऱ्यांदा त्यानं फिरतं मशीन तसंच बाकावर टेकवलं. ते बाकावरून चालत गेलं, खाली पडलं आणि स्वतःचीच वायर तोडून बसलं. तेव्हाही दोराच पावला. काही झालं नाही की दोऱ्याचा गुण, आणि काही झालं की दोरा कमी पडला, अजून एक बांधा. अशा पद्धतीत चूक कुणी काढायची!

चूक काढायची ती त्याची बायको रेश्मा. ती घरी ब्लाऊज शिवते. फिरत्या चाकात दोरा गेला की काय होतं, हे शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

"आत्या, ह्यांच्या हातातलं ते सोडा की," ती सासूला म्हणायची. "एकांद्या दिवशी मशीनमदी जाईल."

"तू गप. काल आलीस तू. मी नवरा घालिवलाय ह्या धंद्यात."

हे मात्र खरं होतं, आणि इथं मला थट्टा सुचत नाही. आदिनाथचे वडील, आप्पा, मंद्रूपला औतं घडवायचे. एके दिवशी लाकूड तासताना वाकस निसटून त्यांच्या नडगीत बसला. रंभाबाईनं जखमेत हळद भरली आणि लुगड्याची चिंधी बांधली. कुणीही तेच केलं असतं. आठवड्यात धनुर्वात झाला आणि आप्पा गेले. एक सुई टोचली असती तर वाचले असते, असं डॉक्टर नंतर म्हणाला. ते ऐकल्यापासून तिचा हळदीवरचा विश्वास उडाला आणि डॉक्टरवर तर आधीपासूनच नव्हता. उरला देव. त्या दिवशी तिनं लहानग्या आदिनाथच्या मनगटावर पहिला काळा दोरा सैलसर बांधला, आणि मग तिचे हात कधी थांबलेच नाहीत.

आदिनाथला कळत नव्हतं अशातलाही भाग नाही. मी त्याला एकदा झापलं तेव्हा तो म्हणाला, "काकू, हात गेला तर दुसरा ऱ्हाईल. आईचं मन मोडलं तर काय करू?" मातृभक्तीचं हे असं असतं, पुढं कुणाला बोलता येत नाही.

मग जे व्हायचं ते झालं. मोडनिंबच्या एका गिऱ्हाइकाचं दार तो साफ करत होता. भुसा अडकला, बोट आत गेलं, आणि बोटाच्या आधी दोऱ्याचं टोक गेलं. रोलरनं टोक पकडलं आणि हात आत ओढला. ओरडणं ऐकून मी पळत गेले आणि आधी बोर्डावरचं बटण बंद केलं. नशीब असं की टोक ज्या दोऱ्याचं होतं तो वर्षानुवर्षं घामात कुजलेला होता. तो तुटला. करंगळीचं नख गेलं, थोडं मांस गेलं, टाके पडले, पण हात राहिला.

दवाखान्यातून आल्यावर रंभाबाईनं गल्ली गोळा केली. "दोऱ्यानं सोताचा जीव दिला, पर माझ्या लेकराचा हात दिला न्हाय!" बाया मान डोलवत होत्या. एकीनं तर तुटलेल्या दोऱ्याला नमस्कार केला. रेश्मा दाराशी उभी राहून हे बघत होती.

खरी भीती पुढंच होती. दोन दिवस विचार करून रंभाबाईनं निदान काढलं, की दोरा कच्चा होता. पक्का असता तर तुटलाच नसता. मग ती पूर्व भागात रत्नम्माकडे गेली. रत्नम्माच्या घरी चादरीचे माग आहेत. सोलापुरी चादर आजोबा पांघरतात आणि नातू फाडायचा प्रयत्न करतो, तरी फाटत नाही. रंभाबाई त्याच चादरीचं सूत घेऊन आली. माझ्या गिरणीत पोत्यावर बसून, मांडीवर वळून वळून तिनं त्याची दोरी केली.

"चेतना, धर ग हितनं. वड."

मी ओढलं, तिनं ओढलं, दोरी हूं की चूं करेना.

"आता तुटू दे म्हणावं!" ती खूश होऊन म्हणाली. "टाकं निघालं की सोमवारी बांधते."

हात वाचला होता तो दोरा तुटला म्हणून, आणि ही बाई आता न तुटणारा बांधणार होती. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "तू पीठ दळ." मग मी गिरणी बंद केली आणि तडक रेश्माकडे गेले.

सोमवारी शेडमध्ये पाट मांडला होता. उदबत्ती लावली होती. आदिनाथ शहाण्या मुलासारखा हात पुढे करून बसला होता. तेवढ्यात रेश्मा स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन आली.

"आत्या, आधी ह्याला बांधा."

"लाटण्याला? येडी हायस का?"

"नवा दोरा हाय. आधी लाटण्यावर परीक्षा होऊ द्या की. लाटणं वाचलं तर हात बी वाचंल. का तुमचाच इस्वास न्हाय?"

असं म्हटल्यावर रंभाबाई मागं हटणार होती थोडीच! तिनं दोरीला कुंकू लावलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि आदिनाथच्या मनगटावर बांधायची तशीच ती लाटण्याला बांधली. तश्शीच गाठ, तसंच वीतभर टोक. रेश्मानं मशीन उलटं करून शिकंज्यात घट्ट आवळलं. लांब बांबूच्या टोकाला लाटणं सैलसर अडकवलं आणि आम्हा सगळ्यांना फळ्यांच्या थप्पीमागं उभं केलं. मी बोर्डाशी. तिनं मान हलवली, मी पिन घातली.

तिनं बांबू पुढं केला. लोंबतं टोक रोलरला लागलं मात्र, लाटणं बांबूवरून गायब झालं. एक कडाका झाला. अर्धं लाटणं पत्र्यावर आदळून खाली पडलं, अर्ध्याचा भुसा झाला. मी बोर्ड बंद केला.

आम्ही जवळ गेलो. दोरी रोलरभोवती गच्च गुंडाळली होती, कुंकवासकट. ती कुठंही तुटली नव्हती. रंभाबाईचं सूत खरंच पक्कं होतं.

ती वाकून त्या रोलरकडे बघू लागली. इतक्या वर्षांत मशीन चालू झालं की ती डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. रोलर काय करतो, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मला वाटलं आता रेश्माच्या नावानं शंख होणार. ती पाटावर जाऊन बसली आणि म्हणाली, "रेश्मा, तुजी कात्री आण."

आदिनाथचा हात तिनं मांडीवर घेतला आणि एकेक दोरा कापायला लागली. "ह्यो खिळ्याचा. ह्यो वायर तुटली तवाचा. ह्यो तुला कावीळ झाली तवा." कापलेला प्रत्येक दोरा ती पदरात ठेवत होती. सगळ्यात खाली, कातडीला चिकटलेला, तो काळा दोरा राहिला. तिथं कात्री थांबली.

"आप्पाला चिंदी बी मीच बांदली हुती रं," ती म्हणाली. "माज्या हातानं."

मला रडू फुटलं, ते लपवायचाही मी प्रयत्न केला नाही. रेश्मा खाली बसली आणि तिनं सासूच्या हातावर हात ठेवला. दोघींनी मिळून तो दोरा कापला.

आता यानंतर रंभाबाई निवांत बसली असेल असं ज्याला वाटतं, त्यानं तिला पाहिलेलं नाही. तिनं शेडमध्ये बोर्डाखाली स्टूल मांडलं आहे. बटणावरची चिकटपट्टी तिनं स्वतः नखानं खरवडून काढली. भुसा अडकला किंवा पातं बदलायचं असलं की आदिनाथनं हाक मारायची. मग ती बोर्डातली पिन उपसते आणि मुठीत धरून बसते. पिन तिच्या मुठीत असेपर्यंत मशीन म्हणजे नुसतं लोखंड. गल्लीतली पोरं त्याला चिडवतात, की आईला विचारून मशीन चालवतो. चालवू दे.

काल मी पीठ द्यायला गेले, तेव्हा तो रोलरमधला भुसा काडीनं काढत होता. काम झालं तसं तो म्हणाला, "आई, लाव पिन."

"हात दाव."

"काढलाय की ग."

"दाव म्हनते ना. दोनी."

त्यानं दोन्ही हात वर केले. इतकी वर्षं दोऱ्यांखाली झाकलेल्या उजव्या मनगटावर उन्हानं न रापलेले गोरे पट्टे उमटले आहेत. ती त्या पट्ट्यांकडे बघत राहिली, आणि मग तिनं मूठ उघडून पिन बोर्डात घातली.