नऊने भाग जाणारी मुलगी

माझा मोबाइल नंबर ही अब्जांच्या घरातली एक पूर्ण संख्या आहे. शेवटी बहात्तर, म्हणून तिला चारने भाग जातो. अंकांची बेरीज चोपन्न, म्हणून नऊनेही. सिमकार्ड घेतलं त्याच दिवशी मी हे तपासलं होतं. मालाडला क्लासमध्ये गणित शिकवणाऱ्या बाईला दुसरे छंद कुठले असणार?

हे आठवायचं कारण घाटकोपरहून मला बघायला आलेलं स्थळ. मुलगा पोहे चिवडत बसला होता, बोलत होते त्याचे वडील. पत्रिका ते मानत नव्हते. ते म्हणे जुन्या लोकांचं खूळ. हे मोबाइल नंबरची बेरीज बघत. मुलुंडची एक मुलगी, शिकलेली, चांगल्या घरातली, पण बेरीज आठ आली म्हणून यांनी सोडली. सांगताना लाज सोडाच, गृहस्थांची छाती फुगली होती.

"बोल बाळ, तुझा नंबर सांग."

मला हे स्थळ नको होतं, पण आई सकाळपासून नारळ खवत होती. तिच्या तोंडावर नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. नकार त्यांच्याकडूनच यायला हवा होता. आठ बेरजेचा नंबर ठोकून देता आला असता, पण मग त्या मूर्खपणाला मीच मान दिल्यासारखं झालं असतं. मी शेवटचे दोन अंक उलटे सांगितले. बहात्तरऐवजी सत्तावीस.

दहा, शंभर, हजार, कशालाही नऊने भागा, बाकी एकच उरते. म्हणून अंकांच्या जागा कशाही बदला, नऊने भाग जायचा तो जातोच. माझी संख्या सम होती ती विषम झाली, पंचेचाळीसने लहान झाली, बेरीज मात्र चोपन्नच. पाच आणि चार नऊ. काकांनी बोटांवर दोनदा मोजलं.

"झकास. हिच्या पायाने लक्ष्मी येणार."

मुलाने नंबर सेव्ह केला आणि पुन्हा पोह्यांकडे वळला.

थोड्या दिवसांनी त्यांचा आईला फोन आला. मुलगा रोज फोन लावतोय, हा नंबर अस्तित्वात नाही असंच ऐकू येतं. इतका शुभ नंबर लागत नाही म्हणजे योगच नाही, असा अर्थ काकांनी काढला आणि नकार कळवला. नंबर चुकीचा असेल, हे त्या दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बेरीज बरोबर होती ना.

आईच्या डोक्यात लगेच आलं.

"चुकीचो नंबर दिलंस मा गो?"

"हो."

"आणि खरो? तेची बेरीज किती?"

"नऊच."

"मगे खरो कित्याक नाय दिलंस?"

हातात आलेलं नऊ मी घालवलं, असं तिला खरंच वाटत होतं. मला तिचं फार वाईट वाटलं. एका दुपारी पोहे खाऊन तो माणूस माझ्या आईलाही बेरजा करायला लावून गेला होता.