मशीनखालच्या दोन विटा
ताज्या कापलेल्या सागवानाचा वास आला की मला अंबडमधलं आमचं छोटं वर्कशॉप आठवतं. घरांच्या पाट्यांसाठी लाकडी अक्षरं कापायचं बारीक पात्याचं मशीन तिथे होतं आणि मी होतो सुपरवायझर, उंची पाच फूट, तीही बुटांसकट. मशीनवरचा कारागीर निफाडकडचा, चांगला सहा फुटी. वाकून वाकून मान धरते म्हणून त्याने एके सकाळी मशीनखाली दोन विटा सरकवल्या. झालं, काम बघायला मलाच टाचा उंच कराव्या लागल्या आणि सगळे फिदीफिदी हसले. "काढ त्या विटा!" मी ओरडलो. "साहेब, मान लय दुखती हो. दोनच तर विटा हायेत." "मग मशीन तुझ्या मापाचं करू का? दुखत असेल तर घरी बस." त्याने विटा काढल्या आणि दिवसभर भुशात वाकून अक्षरं कापली. संध्याकाळी सुट्टी मागायला तो टेबलापुढे आला, तेव्हा त्याची मान वर होईना. जमिनीकडे बघूनच बोलत होता. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, चला, अखेर अदब शिकला. घरी हा किस्सा मी रंगवून सांगतो, पण माझ्या टाचांवर मुलं हसली की संध्याकाळच्या त्या मानेचं न सांगता चहा मागतो.