हिलाल मिस्तरीचा हात

जळगावहून नशिराबादला जाणाऱ्या रस्त्यावर हिलाल मिस्तरीचं गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर आणि समोर एक कडुनिंब. दोन गाड्या उभ्या राहिल्या की तिसरीला रस्त्यावरच थांबावं लागे. पाटी नव्हती, आणि नसली तरी कुणाचं काही अडत नसे, कारण हिलालचं नाव त्याच्या उजव्या हातामुळे झालं होतं. गाडी तापते म्हणून कुणी आला की हा बॉनेट उघडायचा, इंजिनावर आणि रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवायचा आणि रोग सांगायचा. धुळ्याकडची ट्रकवाली मंडळी तर सांगत, हिलालच्या हाताला डोळे आहेत. डोळे वगैरे काही नव्हते. तीस वर्षं गरम लोखंडावर हात टेकवलेल्या माणसाला लोखंड ओळखू येतं, एवढंच.

तोच हात माघात त्याला दगा देऊन गेला. त्याची बायको सुंदरबाई तापाने पडली. संध्याकाळी गॅरेजातून आल्यावर त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "काही नही, उतरी जाई." जगभरच्या मोटारींचा ताप ओळखणारा माणूस म्हणतोय म्हटल्यावर तिनेही ऐकलं आणि उठून भाकरी टाकल्या. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर नुसते बघत राहिले. पाचव्या दिवशी ती गेली.

हिलाल रडला नाही. दहावा झाला, तेरावा झाला, आणि चौदाव्या दिवशी त्याने गॅरेज उघडलं. लोक म्हणाले, मिस्तरी घट्ट आहे. घट्ट कसला, त्याला काही कळतच नव्हतं. जेवण गिळलं जायचं पण मीठ कमी की जास्त ते समजत नसे. कामं तो करत होता, पण गाडीला हात लावून बघणं त्याने सोडून दिलं होतं. आधी पान्यांनी सगळं उघडायचं, मग डोळ्यांनी बघायचं. शिकाऊ माणूस करतो तसं.

नव्वद सालचा चैत्र सरत आला, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली, आणि असोद्याचे जीवराम नाना त्यांची मोटार घेऊन आले. नानांच्या केळीच्या बागा होत्या आणि घरात दुसरी चांगली गाडी होती, पण जीव या मोटारीवर. बावन्न सालची विलायती मोटार. पुढे नाक लांब, चाकांवर फुगीर मडगार्ड, आणि आतली सीट अशी की बसलं की माणूस निम्मा दिसेनासा व्हायचा. दर आखाजीला नाना स्वतः ही मोटार घेऊन धुळ्याला जात आणि लेकीला माहेरी आणत. हिलालची लेक पुष्पाही धुळ्यालाच दिलेली. तेव्हा सुंदरबाई आधीच नानांकडे निरोप धाडून ठेवी, आणि दोघी पोरी एकाच मोटारीतून येत. खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. माहेरून कुणीतरी मुराळी होऊन न्यायला जावं लागतं. बोलावणंच आलं नाही, तर पोरीने सासरच्या अंगणात दुसऱ्यांच्या झोक्यांकडे बघत बसायचं.

यंदा हिलालने कुणाकडे निरोप दिला नव्हता. विसरला होता असंही नाही. त्या अंगाला त्याने मनच जाऊ दिलं नव्हतं. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात, यंदा सुंदरबाईच्या नावाची पहिली घागर भरायची होती, तिचाही त्याने कुणापाशी विषय काढला नव्हता.

"उभी राहिली की गुमान ऱ्हाते," नाना मोटारीबद्दल सांगत होते. "पळाली की तापते. काल भुसावळच्या वाटेवर दोनदा पानी टाकलं."

हिलालने मान हलवली आणि कामाला लागला. पंख्याचा पट्टा बदलला. पाण्याचा पंप उघडला, तो ठणठणीत निघाला. पाणी अडवणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह शोधायचं कारणच नव्हतं, आमच्या उन्हात तो पहिल्याच उन्हाळ्यात काढून फेकून देतात. स्पार्कचं टायमिंग पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने चक्क इंजिनाचं हेड उतरवलं, गॅस्केट बघितलं, ते धड होतं, आणि सगळं पुन्हा बसवता बसवता अख्खा दिवस गेला. नशिराबादपर्यंत एक फेरी मारली. लांबलचक नाकातून वाफेचा लोट काढत मोटार परत आली.

खरं तर नानांनी पहिल्याच वाक्यात रोग सांगितला होता. उभ्याने न तापणारी गाडी पळताना तापते, म्हणजे पाणी नीट फिरत नाही. पूर्वीचा हिलाल असता तर चहा यायच्या आत मोकळा झाला असता.

नाना कडुनिंबाखाली खुर्ची टाकून दोन्ही दिवस हे बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी फेरी मारून मोटार थांबली तसे ते उठले आणि म्हणाले, "मिस्तरी, तुमी जाळीले हात नाही लावला अजून."

हिलालने पाना उचलला.

"लावा ना बा. तुमाले दुसरं कोन सांगीन?"

मग त्याने लावला. रेडिएटरच्या वरच्या टाकीवर तळहात टेकवला आणि थांबला. त्याला काहीच कळलं नाही. तो तसाच उभा राहिला, कळेल म्हणून वाट बघत. शेवटी नानांनी मनगट धरून हात मागे ओढला. तळव्याची कातडी पांढरी पडून सुटत होती. हिलालने हाताकडे दुसऱ्याचा असल्यासारखं पाहिलं, तोच हात पुन्हा पुढे नेला आणि जाळीवरून हळूहळू खाली फिरवला. मधोमध, टोपलीएवढ्या भागात, जाळी गार होती. उकळत्या पाण्याच्या रेडिएटरमध्ये गार. तेवढं मात्र त्याला कळलं.

"आठे पानी जास नही," तो म्हणाला. "नळ्या बंद शेत."

हाताला फडकं गुंडाळून त्याने रेडिएटर उतरवला, गॅसच्या ज्योतीने झाळ वितळवून वरची टाकी सोडवली आणि पोलादाची पातळ पत्ती एकेका नळीतून खाली सारायला सुरुवात केली. आधी गंज निघाला, मग आपल्या जड पाण्याचा पांढरा थर, आणि मग तपकिरी ढेकळं पडू लागली. एक त्याने नखाने फोडलं. आतून ते पिवळं होतं.

हळद होती.

ड्रायव्हर लोकांचा जुना इलाज आहे. वाटेत रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद पाण्यात टाकायची, ती भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. कामचलाऊ गोष्ट. पण ही हळद कुणा ड्रायव्हरची नव्हती. सहा वर्षांपूर्वी पुष्पाच्या लग्नात तिची पाठवणी याच मोटारीतून झाली होती. वऱ्हाड निघायच्या वेळी खाली पाण्याचं थारोळं दिसलं आणि हिलालने घरात हाक मारून हळद मागितली. सुंदरबाई रडत होती, तशीच अख्खा डबा घेऊन आली. त्याने दोन मुठी टाकल्या. ती म्हणाली, "आख्खा टाका. पोर वाटमा अडकाले नको." मग त्याने तिच्या समाधानासाठी अर्धा डबा रिकामा केला. एवढी हळद टाकायची नसते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आठवड्यात रेडिएटर उतरवतो, धुतो, नीट झाळून देतो, असं तो नानांना त्याच दिवशी म्हणाला होता. गळती थांबली, मोटार धुळ्याला पोचली, आणि मिस्तरीसाहेबांचं आपलं राहून गेलं ते सहा वर्षं.

ढेकूळ हातात घेऊन तो थोडा वेळ बसला. आता आपल्याला रडू येईल असं त्याला वाटलं, आणि त्याने वाटही बघितली. आलं नाही. मग त्याने सगळी ढेकळं पुठ्ठ्यावर गोळा करून उकिरड्यावर टाकली, उरलेल्या नळ्या साफ केल्या, सहा वर्षांपूर्वीचं भोक शोधून काढलं आणि ते झाळलं.

दुपारपर्यंत मोटार तयार झाली. हिलाल म्हणाला, नशिराबादला फेरी मारून आणतो.

"तेवढ्यानं काय समजीन?" नाना म्हणाले. "धुळ्याले न्या. माहा गुडघा दुखते, मी नाही येत. माही पोरगी आना. अन् तुमची बी आना."

हिलाल पट्टा पुन्हा तपासत राहिला. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही की समजावलं नाही. मोटारीची चावी त्याच्यासमोर ठेवली आणि असोद्याची बस पकडायला निघून गेले.

एरंडोल गेलं, पारोळा गेला. डांबर पातळ झालं होतं, खिडकीतून आत येणारी हवा चुलीपुढची वाटत होती, पण गाडीच्या तापाचा काटा मधोमध उभा होता तो हलला नाही. रस्ताभर हिलाल त्या काट्याकडेच बघत आला.

धुळ्याला त्याने मोटार आधी पुष्पाच्या दाराशी थांबवली. पुष्पा अंगणात धान्य निवडत बसली होती. मोटार ओळखून ती उठली, पण पुढे आली नाही. माहेरी जायची तिची पिशवी भरलेली नव्हती.

"आबा, तुम्ही लेवाले उनात?" ती म्हणाली. "माले वाटनं, माय गई, आते कोनी येवाव नही."

"गाडी तापस का ते देखाले उनू," हिलाल म्हणाला.

सांगायला लाज वाटावी असं हे उत्तर. पुष्पाने ते ऐकून घेतलं. मग तिची नजर त्याच्या हाताच्या फडक्यावर गेली. तिने ते सोडलं, तळव्यावरचा फोड बघितला, आणि आत जाऊन माठातलं पाणी तांब्याभर घेऊन आली. त्याला ओट्यावर बसवून ती हातावर धार धरू लागली.

"दुखस का?"

नही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. दोन महिने प्रत्येकाला तो हेच सांगत आला होता. पण गार पाणी तळव्यावरून वाहत होतं, आणि सकाळपासून मुका असलेला तो हात मनगटापर्यंत ठणकायला लागला.

"दुखस," तो म्हणाला. आणि मग तो हात तिच्यापुढे तसाच धरून म्हणाला, "तुन्ही मायना ताप याले समजना नही, पुष्पा. मी कपाळवर हात ठेवा, अन् याले समजना नही."

पुष्पाने मान वर केली नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत तिने पाण्याची धार मोडू दिली नाही, मग पदराने त्याचा हात टिपला आणि पिशवी भरायला आत गेली.