दुसऱ्या ग्लासातली वाइन

कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. भरलेली बाटली दिव्याच्या पेटीसमोर धरायची, हलकेच तिरकी करायची आणि आत कुसळाएवढा कण दिसला तरी बाजूला काढायची, हे काम ती बावीस वर्षं करत होती. तपासणीच्या कागदावर तिची सही झाल्याशिवाय वाइनचं एकही खोकं दाराबाहेर पडत नसे. ती वाइन चाखायला मात्र तिला कधी कुणी बोलावलं नव्हतं.

त्या वर्षी बोलावलं, तेही आयत्या वेळी. नव्या लाल वाइनची चव घ्यायला आठ जण ठरले होते, त्यातला एक तापाने झोपला. "या हो बाई, बसा जरा," मॅनेजर म्हणाला. "घोटभर चाखायची, कागदावर खुणा करायच्या, झालं."

कागदावर शब्दांची यादी छापलेली होती. ब्लॅकबेरी, चॉकलेट, व्हॅनिला, चामडं. जे जाणवेल त्याच्यापुढे खूण करायची. भिंगबाईने ब्लॅकबेरी जन्मात खाल्ली नव्हती आणि चामडं चाखायची वेळ तिच्यावर अजून आली नव्हती. तिने कागद सरळ उलटा केला.

तिने पहिला घोट घेतला. ही वाइन दबकत येणारी नव्हती. तोंडात शिरली ती बेधडक. आधी पिकून काळी पडलेली तुती, मग आलुबुखाराचा गर आणि त्याच्या सालीलगतचा आंबटपणा. पाठोपाठ डाळिंबाची साल चावल्यासारख्या जिभेच्या कडा कोरड्या पडल्या आणि घशात मिऱ्याची ऊब उतरली. गिळून झालं तरी चव काही हटेना. तिने लिहिलं, "तुतीच्या झाडाखाली भर उन्हात उभं राहिल्यासारखं. अंगावर येते, पण हवीहवीशी वाटते."

मग नवी बाटली उघडून सगळ्यांना पुन्हा वाढली. वाइन तीच, पण या ग्लासात तुतीचा पत्ताच नव्हता. फळं कुणीतरी धुऊन काढावीत तशी चव मेलेली, आणि नाकाशी नेलं की भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. तिने शेजारी बसलेल्या पिंपवाल्या काकांना विचारलं, "काका, याला वास येतोय ना?"

काकांनी हुंगून मान डोलावली, पण मॅनेजरकडे बघून कागदावर चार खुणा करून टाकल्या.

"साहेब, ही बाटली बिघडलीय," भिंगबाई म्हणाली. "बुचाचा वास उतरलाय. याच बुचांच्या आणखी बाटल्या उघडून बघायला हव्यात."

"सात जणांना छान लागली, बाई."

"सात जणांनी यादी वाचली. मी वाइन प्यायले."

कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजरचा चेहरा उतरला. माल गुरुवारी एका मोठ्या हॉटेलाकडे जायचा होता. "तुम्हाला इथे डोळ्यांसाठी ठेवलंय," तो म्हणाला, "नाकासाठी नाही."

"नाक डोळ्यांच्या मधेच आहे, साहेब. घरी ठेवून येता येत नाही."

संध्याकाळी तपासणीचा कागद समोर आला तेव्हा तिने पेनाचं टोपणच काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची रवानगी बाटल्या धुण्याच्या खोलीत झाली. दिव्याच्या पेटीसमोर दुसरं कुणी बसलं आणि सहीही झाली.

घरी नवऱ्याने डोक्याला हात लावला. "करून टाकायची होतीस सही. तुझं काय जात होतं?"

"नाक," ती म्हणाली आणि पोळपाट पुढे ओढला.

धुण्याच्या खोलीत गरम पाण्याची वाफ असे आणि रबरी बूट पायाला लागत. तिने कुरकुर केली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती बुचांच्या कोठारात गेली. तिथे या मालासाठी वापरलेली दोन पोती उघडी होती. प्रत्येक पोत्यातली वीस-वीस बुचं तिने दोन बरण्यांत टाकली, वर स्वच्छ पाणी ओतलं आणि झाकणं घट्ट लावली. काका दारात उभे राहून बघत होते.

"अगं, अंगाशी येईल."

"येऊ दे. तुम्ही फक्त बरण्यांवर पोत्यांचे आकडे लिहा. तुमचं अक्षर सगळे ओळखतात."

काका जरा घुटमळले. मग खिशातून खडू काढून त्यांनी आकडे लिहिले.

एक दिवस बुचं भिजू दिली. गुरुवारी सकाळी मालकीणबाई माल रवाना होताना बघायला आल्या होत्या. मॅनेजरच्या खोलीत चहा चालला होता. भिंगबाई ओल्या बुटांनीच आत गेली आणि दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय? तुम्हाला कुणी बोलावलं?" मॅनेजर उठला.

"कुणी नाही." ती मालकीणबाईंकडे वळली. "एकदा हुंगून बघा. पटलं नाही तर मी आजच घरी जाते."

मालकीणबाईंनी पहिलं झाकण उघडलं. पाण्याला लाकडाचा साधा वास होता. दुसरं उघडलं आणि त्यांनी मान झटकन मागे घेतली. चहाचा कप बाजूला सारून त्यांनी पुन्हा हुंगलं. मग विचारलं, "या पोत्यातली बुचं किती बाटल्यांना लागलीत?"

मॅनेजर टेबलावरचे कागद चाळू लागला. दारातून काकांनी सांगितलं, "निम्म्या."

गाडी फाटकातून परत फिरवली. दिवसभर बाटल्या उघडून तपासल्या. त्या पोत्यातली बुचं लागलेल्या दर दहांतल्या दोन बाटल्यांना पुठ्ठ्याचा वास निघाला. त्या बुचांचा निम्मा माल सगळाच अडकवून ठेवला आणि बाकीचा हॉटेलला गेला.

सोमवारी मॅनेजरने तिला पुन्हा पेटीपाशी बसायला सांगितलं.

"बसते," ती म्हणाली. "पण यापुढे प्रत्येक पोत्यातली बुचं आधी भिजवायची, मग वापरायची. आणि हुंगल्याशिवाय मी सही करणार नाही."

"म्हणजे हे आता तुम्ही ठरवणार?"

"हो."

मॅनेजरने माफी मागितली नाही. पुढे कित्येक महिने तो तिच्याकडे न बघता बोलत असे. तिचं काही अडलं नाही. बुचांच्या कोठारात फळी ठोकून तिने बरण्यांची रांग लावली, आणि रोज सकाळी कामावर आली की खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी ती एकेक झाकण उघडून बघू लागली.