सौद्याआधीची छत्री

आमच्या मासळी बाजारात एक रीत आहे. भाव ठरला, पैसे हातात पडले, की मग वर म्हणून दोन बोंबील टाकायचे. आधी नाही. भाव ठरायच्या आतच जी बाई वर टाकायला लागते तिचा माल शिळा, हे गिऱ्हाईकालाही कळतं.

पंचायतीत निवडून आले तरी मी मासळीची पाटी सोडली नव्हती. शाळेजवळच्या टपऱ्यांवर तंबाखू-सिगारेट विकायला बंदी, असा ठराव मी ग्रामसभेत मांडणार होते. कारण माझ्या घरातच होतं. सासूबाई सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायच्या आणि बोटाने दातांना लावायच्या. वर्षानुवर्षं. आता त्यांचं तोंड धड उघडत नव्हतं, भाताचा घासही मोडून मोडून खायच्या. आजीचं बघून माझी लेक एकदा त्या डबीत बोट घालायला गेली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

ग्रामसभा जवळ आली आणि तंबाखू कंपनीचा माणूस बाजारात अवतरला. गोड बोलणारा, कडक इस्त्रीचा. प्रत्येक मासळीवालीला एक मोठी रंगीत छत्री फुकट. मला म्हणाला, "ताई, ठरावाला आमचा विरोध नाही. फक्त 'बंदी'च्या जागी 'जनजागृती' घाला." सरपंचांना ही दुरुस्ती लगेच पटली. तिकडे सरकारदरबारी हे कंपनीवाले कशाचं वाटप करतात देव जाणे, आमच्याकडे छत्र्यांवर भागलं.

मी घाबरले, खरंच. एवढ्या उन्हात सावली देणाऱ्याच्या विरोधात कोण मत देणार? माझ्या शेजारीच पाटी लावणाऱ्या सासूबाई तर छत्रीखाली महाराणीसारख्या बसल्या होत्या.

"तुम्हीसुद्धा घेतलीत?"

"मंग काय गो, फुकटची हाय, उन्हान बसू?" असं म्हणून त्यांनी मिश्रीची डबी उघडली. मला असा संताप आला की त्या दिवशी मी पापलेटाचा भाव रुपयानेही उतरवला नाही.

सभेत सरपंचांनी दुरुस्ती वाचून दाखवली. मी पाठ केलेलं भाषण साफ विसरले. शेवटी बायकांकडे वळून बाजारातल्याच आवाजात विचारलं, "आगो, सौदा व्हायच्या आधी वर कोन टाकतं?"

मागून एक म्हातारी ओरडली, "जिचा माल नासका हाय ती!"

असा हशा पिकला की सभा बघायला आलेला कंपनीचा माणूसही हसला. बिचाऱ्याला अर्थ कळला नव्हता.

"मंग छत्र्या परत द्यायच्या काय?" कुणीतरी काळजीने विचारलं.

"कशाला? आपन मागितल्या व्हत्या?" म्हातारीने निकाल दिला.

सभेचा रंग बघून सरपंचांनी दुरुस्ती गुंडाळली आणि माझा मूळ ठराव मताला टाकला. भराभर हात वर झाले. मी एकच हात शोधत होते. तो सगळ्यात शेवटी आला, सावकाश, पहिलं बोट मिश्रीने काळं झालेलं.

"अशी काय बघतेस गो?" सासूबाई म्हणाल्या. "माजं बोट कालं झालं ते झालं. पोरीचं नको."