जळालेली अकरा पानं

लोला इसयांगची, म्हणजे इसयांग आजीची, जागा रंगमंचाच्या पोटात होती. फळ्या कापून केलेल्या खळग्यात ती बसायची. डोकं तेवढं वर, तोंड नटांकडे, पाठ प्रेक्षकांकडे. गावच्या जत्रेतल्या कोमेद्यात, म्हणजे ख्रिस्ती आणि मुसलमान मूर राजांच्या लढाईच्या नाटकात, पाठांतर कुणीच करत नसे. ही खालून ओळ सांगणार, मगच वरचा राजा गरजणार. स्पॅनिश पाद्र्यांच्या काळापासून हीच रीत. वडिलांमागून चाळीस वर्षं तिनं ती चालवली.

वहीची शेवटची अकरा पानं जपान्यांनी लावलेल्या आगीत गेली होती. तेवढा भाग ती वडिलांकडून ऐकलेला, तोंडपाठ सांगे. यंदा मनिलात शिकणारी तिची नात चारितो त्याच नाटकाची जुनी नक्कल शोधून घेऊन आली.

"लोला, इथं तर मूर राजपुत्र मरतो! तुझा कसा आईकडे परत जातो?"

"मरतो?" इसयांगचा घास हातातच राहिला. "नीट वाच गं. जखमी झाला असेल."

"मुंडकं उडतं, लोला. जखम कसली!"

जत्रेचे प्रमुख देल्फिन खूश झाले. "बापलेकींनी साठ वर्षं गावाला फसवलंत की! यंदा खरं तेच करायचं. कागदी लगद्याचं मुंडकं करायला टाकतो मी."

इसयांगला एकच कोडं पडलं. तातांग, तिचे वडील, विसरले होते, की मुद्दाम खोटं बोलले?

जत्रेच्या दुपारी ती नवी नक्कल मांडीवर घेऊन खळग्यात उतरली. बँड वाजला, तलवारी भिडल्या आणि तिला जपान्यांशी झालेल्या लढाईनंतरची पहिली जत्रा आठवली. ती आठ वर्षांची, याच खळग्यात तातांगना चिकटून बसलेली. राजपुत्र झाला होता गावातल्या आलिंग साबेलचा धाकटा मुलगा. थोरले दोघे लढाईत गेले ते गेलेच. बँड थांबला आणि तातांगनी मान वळवून मागं पाहिलं. प्रॉम्प्टरनं प्रेक्षकांकडे कधी पाहू नये, हे त्यांनीच तिला शिकवलेलं. तेव्हा मागं काय होतं, ते तिला आजवर कळलं नव्हतं.

आता तिनंही मान वळवली. पहिल्या बाकावर राजपुत्र झालेल्या जुनेलची आई पंखा हलवायचा विसरून बसली होती. सोमवारी जुनेल बोटीवरच्या नोकरीला निघणार होता, दोन वर्षांसाठी. त्याच बाकावर तेव्हा आलिंग साबेल बसायची.

वर जुनेल गुडघे टेकून, मान पुढं करून ओळीची वाट पाहत होता. विंगेत देल्फिन मुंडकं घेऊन तयार.

इसयांगनं नक्कल मिटली.

"ऊठ, राजपुत्रा," ती खालून म्हणाली, "तुझी आई वाट पाहते आहे."

"ऊठ, राजपुत्रा!" वरचा राजा गरजला. खालून येईल ते बोलायचं, एवढंच त्याला ठाऊक.

जुनेल गोंधळून उठला. बँडनं परतीची चाल धरली.

"अहो, हे मुंडकं?" विंगेतून देल्फिन ओरडले.

"ठेवा जपून," इसयांग त्यांच्याकडे न बघता म्हणाली आणि पुढची ओळ सांगू लागली.