हौदातला मगरतोंड्या

माझ्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन सोलापुरात झालं, तेव्हा मी इथं नळदुर्गात एका माशाची राखण करत बसले होते. हे सांगितलं की लोक हसतात. मला तेव्हा मुळीच हसू येत नव्हतं. लेक सोलापुरात राहते, दवाखाना तिच्या घराजवळ, सगळी सोय झाली होती. पण माशाकडं बघायला घरी कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी, हे आमच्या ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यांची बॅग मीच भरली. मनात मात्र म्हटलं, बायको जवळ नसली तरी चालतंय, मासा जगला पाहिजे.

मासा त्यांनीच आणलेला, निवृत्त झाले त्या वर्षी. तेव्हा तो वीतभर होता, काडीसारखा, आणि तोंड हुबेहूब मगरीचं. त्या जातीला इंग्रजीत 'गार' म्हणतात. टाकी जेवढी तेवढाच हा वाढतो, असं दुकानदारानं सांगितलं होतं. शुद्ध थाप. वर्षाच्या आत त्याला बैठकीतल्या काचेच्या टाकीत वळता येईना, काचेला घासून घासून नाक लाल झालं. शेजारपाजारचे म्हणाले, बोरी नदीत सोडून द्या, पुण्य लागेल. ह्यांनी साफ नाही म्हटलं. परमुलखातला मासा आहे, नदीत गेला तर इथल्या माशांचा फडशा पाडेल, आपण आणलाय तर शेवटपर्यंत आपणच सांभाळायचा. बोलणं पटण्यासारखं होतं, पण त्यापायी माझा हौद गेला.

आमच्याकडं नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं. म्हणून घर बांधताना मी हट्ट करून मागच्या खोलीत छातीइतका उंच सिमेंटचा हौद बांधून घेतला होता. त्यात आता मगरतोंड्या राहायला गेला आणि माझं पाणी प्लास्टिकच्या पिंपांत आलं. तिथं तो अडीच फुटांचा झाला. खायला काळ आणि भुईला भार, असं मी दिवसातून एकदा तरी म्हणायची. दोघांपैकी कुणाला म्हणते, ते ह्यांनी कधी विचारलं नाही.

हे वायरमन होते. जन्मभर खांबावर चढले आणि धडधाकट घरी आले, ते निव्वळ सावधपणामुळं. माशाच्या बाबतीतही तीच शिस्त. पाण्यात हात घालण्याआधी हौदातलं पाणी फिरवणाऱ्या मोटरची पिन काढायची. खाणं लांब चिमट्यानं द्यायचं, बोटांनी नाही. नळाचं पाणी दोन दिवस पिंपात ठेवल्याशिवाय हौदात घालायचं नाही, त्यातल्या औषधानं त्याचे कल्ले जळतात. तो उड्या मारतो म्हणून हौदावर भोकं पाडलेला पत्रा ठेवायचा आणि पत्र्यावर जुन्या जात्याचे दगड. हे सगळं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून त्यांनी भिंतीला चिकटवलं. एक गोष्ट तेवढी लिहिली नाही. हा मासा अधूनमधून वर येऊन तोंडानं हवा घेतो, म्हणून पाणी काठाच्या खाली वीतभर ठेवायचं असतं. रोज बघते ती, तिला एवढं ठाऊक असणारच, असं त्यांना वाटलं असेल. मला वाटायचं, तो वर येतो ते खायला मागायला.

ऑपरेशन दुपारी होतं आणि नेमकं त्याच दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. चित्त थाऱ्यावर नव्हतं, हात मात्र सवयीनं चालत होते. पिंपं भरली, घागरी भरल्या, कुकर आणि परातीसुद्धा भरल्या. तरी नळ चालूच. आता आमच्या गावात चालू नळ बंद करणारी बाई अजून जन्माला यायची आहे. दोन दिवसांचा नियम मला पाठ होता, पण एवढ्या मोठ्या हौदात थोड्या नव्या पाण्यानं काय होतंय, असं म्हणत मी नळी पत्र्याच्या भोकातून आत सोडली. पाणी काठोकाठ भरलं, पत्र्याला टेकलं, तोवर दुपार होत आली होती; तेव्हा नळी काढली आणि समाधानानं चहा ठेवला.

थोड्या वेळानं मागून पत्रा वाजू लागला. आधी टकटक, मग धडाधड, मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' ऐकून मी चहा तसाच टाकून मागं पळाले. दगड कसे उतरवले ते आठवत नाही. पत्रा सरकवला तर तो आडवा तरंगत होता, पांढरं पोट वर करून. हवा लागल्यावर त्यानं जबडा उघडला, एकदा, दोनदा, आणि मग असा उसळला की निम्मा काठाबाहेर आला. पत्रा लावावा तर गुदमरतोय, काढावा तर फरशीवर पडतोय. मी पलीकडच्या अक्कांना हाक मारली.

अक्का किराणा दुकानवाल्यांच्या, घरात कानडी बोलणाऱ्या, अंड्याचा वासही न चालणाऱ्या. माशाला खायला घालायच्या वेळी त्या आमच्या घराकडं पाठ करून बसत. त्या दिवशी सरळ आत आल्या आणि दोन्ही हातांनी पत्रा तिरका धरून उभ्या राहिल्या. मी बादली बुडवली आणि तशीच थांबले. ओतायचं कुठं? घरातलं भांडं न् भांडं भरलेलं, गल्लीतली सगळी घरंही तशीच भरलेली. राहिली मोरी. नऊ दिवसांनी आलेलं पाणी मोरीत सांडायला हात धजेना.

"सांड की गं," अक्का म्हणाल्या. "पाणी परत येतंय."

मी सांडत गेले. किती बादल्या, मोजल्या नाहीत. मोबाइल स्वयंपाकघरात वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. माझ्या कानावर ते पडत होतं, पण बादली खाली ठेववत नव्हती. मी त्या माशाला चक्क बाळा म्हणत होते, जरा दम धर म्हणत होते. वीतभर जागा झाल्यावर नळाच्या पाण्यातलं औषध मारायला ह्यांनी आणून ठेवलेले पांढरे खडे विरघळवून घातले. बऱ्याच वेळानं तो सरळ झाला, वर आला, एक घोट हवा घेऊन खाली गेला. माझ्या जिवात जीव आला. अक्कांनी साडी पिळली आणि पहिल्यांदाच वाकून त्याच्याकडं नीट बघितलं.

मग मी मोबाइल बघितला. ह्यांचे चार फोन येऊन गेले होते. लेकीला लावला तर ती चिडलेली. बाबांना आत नेईपर्यंत ते तुलाच फोन करत होते, होतीस कुठं? दवाखान्यात मला नेलं नाही म्हणून आठवडाभर फुगून बसलेली मी, आणि त्यांनी हाक मारली तेव्हा माशापाशी होते.

संध्याकाळी ते बोलण्याइतके शुद्धीवर आले. आवाज खोल गेलेला. मी आधी सगळं कबूल केलं, हौद, नळी, मोरीत सांडलेलं पाणी, सगळं. मासा जगलाय, हेही सांगितलं. त्याला हवा घ्यायला वर वीतभर जागा लागते, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. मग मी विचारलं, "चार चार फोन कशाला केलेत? वीतभर जागा ठेव म्हणायला व्हय?"

"न्हाय गं," ते म्हणाले. "आत नेताना लई भ्या वाटलं. म्हणलं, तुझा आवाज ऐकावा."

तारा जोडण्यात जन्म गेलेल्या ह्या माणसाच्या तोंडून भ्या हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"मग ऐका आता," मी म्हणाले, आणि पुढं मला काही बोलताच येईना.